तळ्याकडे तोंड करून

१

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी उठायचा मान मम्मीजींचा, म्हणजे माझ्या सासूबाई राजकुंवर यांचा. कारण त्या मुळात झोपतच नसत. पहाटे कधीही जाग आली की त्यांच्या खोलीतून नवकार मंत्राचं पुटपुटणं ऐकू यायचं, नाहीतर कूस बदलताना पलंगाची करकर.

दोष उशीचा होता, असं त्यांचं ठाम मत. फोमच्या उशीनं मान तापते. कापसाच्या उशीत गोळे होतात. पिसांची उशी तर आमच्या जैन घरात कोणी उंबऱ्याच्या आतही येऊ देणार नाही. पारोळ्याच्या बाजारात मिळतील तेवढ्या सगळ्या उश्या घेऊन झाल्या होत्या. माझे यजमान अखिल गमतीनं म्हणायचे, "आता उश्यांचंच दुकान टाकू. धान्यापेक्षा बरं चालेल."

जानेवारीत आम्ही दोघं अमळनेर रस्त्यानं येत होतो. गावाबाहेरच्या पाझर तलावापाशी मी गाडी थांबवायला लावली. काठानं पाणकणसाचं दाट बेट आहे. माणसापेक्षा उंच पाती आणि त्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली, जाड उदबत्त्यांसारखी कणसं. मी धुळ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले, त्यामुळे असलं काही दिसलं की मला राहवत नाही. एक वाळलेलं कणीस तोडून गाडीत बसले आणि अंगठ्यानं जरासं दाबलं.

ते फुटलं. मुठीत मावणाऱ्या कणसातून कापूस निघतच राहिला. माझी मांडी भरली, सीट भरली, अखिल शिंकायला लागले.

"अगं, हे काय आणलंस!"

"मम्मीजींची उशी," मी म्हटलं.

२

एका कणसात दोन लाखांवर बिया असतात आणि प्रत्येक बीला स्वतःचं रेशमी छत्र. हा कापूस पाण्यावर तरंगतो, दबला तरी फुगून वर येतो. पूर्वी लोक त्यानं गाद्या भरत. पात्यांच्या चटया विणत, छपरं शाकारत. मुळं पाण्यातली घाण शोषून घेतात. जांभळी पाणकोंबडी कोवळे कोंब खाते, सुगरण पात्यांच्या दोऱ्या काढून खोपा विणते. एवढं उपयोगी झाड आपल्या गावाबाहेर उभं आहे आणि कोणी त्याकडे बघत नाही, याचं मला तेव्हा फार वाटायचं.

मम्मीजींची अट एकच होती. "हिरवं तोडायचं नाही. वाळलेलंच आण. आणि आधी झटकून घे, आत जीव असतात."

तलावाला लागून गिरधरआबांचं शेत होतं. त्यांनी वाळलेली कणसं पोत्यांत भरून दिली. उश्या शिवल्या जैनबआपांनी. त्यांचे यजमान नूर महंमद यांचा पिंजण्याचा पिढीजात धंदा, किल्ल्याजवळच्या गल्लीत गाद्यांचं दुकान. आपांनी दाट विणीच्या कापडाचा दुहेरी अभ्रा शिवला, तरी शिवताना त्यांच्या पापण्यांवर कापूस बसला.

"भाभी, हा माल फार हलका," त्या म्हणाल्या. "उशी हातात आहे असं वाटतच नाही."

त्या रात्री मम्मीजी झोपल्या. नुसत्या झोपल्या नाहीत, सकाळी आठला मला त्यांना हलवून उठवावं लागलं. "किती वर्षांनी गं," असं म्हणत त्या उशीवरून हात फिरवत बसल्या.

मग गल्लीत बातमी पसरली. आपांनी आणखी दहा-बारा उश्या केल्या. एक त्यांच्या घरी, एक माझ्या वडिलांसाठी धुळ्याला, बाकीच्या आमच्याच गल्लीत. मी मात्र माझी जुनी उशी सोडली नाही. मला अभ्यास करायचा होता आणि ज्यानं निरीक्षण करायचं त्यानं प्रयोगात पडू नये, एवढी शिस्त कॉलेजनं लावली होती.

तेव्हाच कुठंतरी वाचलं की पाणकणीस जमिनीखालून मुळांनी पसरत जातं. वर शेकडो ताटं दिसतात, पण कधीकधी अख्खं बेट हे एकच झाड असतं. मला ते वाचून गंमत वाटली. म्हणजे आमची सगळी गल्ली एकाच झाडावर डोकं ठेवून झोपते!

३

खटकली ती गोष्ट अगदी साधी होती. मम्मीजी झोपेत कायम उत्तरेकडे तोंड करून असत.

तिकडे खिडकी आहे, वारा येतो, म्हणून असेल. मी पलंग फिरवला. आता खिडकी त्यांच्या पाठीशी यायला हवी होती. सकाळी चहा घेऊन गेले तर त्या कूस बदलून पुन्हा उत्तरेकडेच. वय झालं की एकाच कुशीची सवय होते, असं मी स्वतःला समजावलं. पण पलंग फिरवल्यावर कूसही बदलली होती. आधी डावी, आता उजवी.

त्याच आठवड्यात दुपारी आपांच्या दुकानात गेले. नूर महंमद जेवून आडवे झाले होते. दुकानाची उत्तरेकडची बाजू म्हणजे कोरी भिंत. ते त्या भिंतीला इतके चिकटून झोपले होते की नाक चुन्याला टेकत होतं.

"असेच झोपतात हल्ली," आपा म्हणाल्या. "रस्त्याचा आवाज नको असेल."

गल्लीतल्या इंदिराबाईंनीही एक उशी घेतली होती. त्यांची दुपारची झोप मी दारातून पाहिली. उत्तर.

आता मला चैन पडेना. भीती नव्हती, खरं सांगायचं तर मजाच वाटत होती. वनस्पती प्रकाशाकडे वळते, मूळ पाण्याकडे वळतं, मग वाळलेली बी माणसाची मान वळवू शकेल का? ओलाव्यानं कापूस एका बाजूला फुगत असेल का? मी उशी तराजूत घातली, चारही बाजूंनी चाचपली. काही नाही. उशी जागची हलत नव्हती. हलत होता तो माणूस.

फेब्रुवारीत माहेरी धुळ्याला गेले. पपा, म्हणजे अभयकुमार, दुपारी हॉलमधल्या दिवाणावर झोपले होते. मी पायांतल्या चपलाही न काढता दारातच उभी राहिले. त्यांचं तोंड पूर्वेकडे होतं.

क्षणभर हायसं वाटलं. झालं, सगळा माझ्या मनाचा खेळ. मग मी मोबाईलवर नकाशा उघडला. आमच्या गल्लीतून तलाव उत्तरेला आहे. धुळ्याहून तो पूर्वेला आहे.

४

मार्चमधे एका सकाळी चहा पिता पिता मम्मीजी म्हणाल्या, "आज पाणी मोठ्या दगडाच्या खाली उतरलं."

"कुठलं पाणी?"

त्यांनाच नवल वाटलं. "काय माहीत बाई. तोंडात आलं आपलं."

मम्मीजी त्या तलावावर कधी गेल्या नव्हत्या. मी स्कूटर काढली आणि गेले. काठाजवळ एक मोठा काळा दगड आहे. त्याच्या बुडाशी ओल्या चिखलाचा ताजा पट्टा होता आणि पाणी त्याच्या हातभर पलीकडे.

त्यानंतर रोज सकाळी मी चहाबरोबर प्रश्न घेऊन जायचे. "आज काय मम्मीजी?" त्या कधी हसून टाळत, कधी सहज बोलून जात. पाणकोंबडीची पिलं निघाली. दक्षिणेकडचा काठ तडकला. मी जाऊन बघायचे आणि ते तसंच असायचं. एकदा आपांनी फोन केला, "भाभी, यांना विचारलं काय स्वप्न पडलं, तर म्हणतात पिलं निघाली. कसली पिलं?" दोघांनी एकाच सकाळी एकच वाक्य उच्चारलं होतं.

मी किती खूश होते, ते आता सांगायला लाज वाटते. वाटायचं, असं काहीतरी हाती लागलंय की जे कोणी पाहिलंच नाही.

एप्रिलमधे तलाव आटला. मम्मीजी पाणी पिऊ लागल्या, तांब्यामागून तांब्या, आणि तरी त्यांचे ओठ फुटलेले. दुपारीही झोपू लागल्या. पहाटेचं सामायिक, म्हणजे त्यांची ध्यानाची बैठक, चुकू लागली, जी आयुष्यात कधी चुकली नव्हती. डॉक्टरांनी साखर तपासली, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

"आईला विश्रांती मिळतेय, मिळू दे," अखिल म्हणाले.

पण मला वेगळंच काही दिसत होतं. जाग आल्यावर त्या लगेच उठत नसत. पडल्या पडल्या खोलीभर नजर फिरवत. पंखा. दिव्याचं बटण. दाराची कडी. मग मी. प्रत्येक गोष्टीवर नजर थांबायची, तिचा आकार समजून घ्यायची आणि पुढे सरकायची. ती नजर मला कुठंतरी पाहिल्यासारखी वाटत होती. दोन दिवसांनी लक्षात आलं. मी पाणकणसाकडे तशीच बघते.

५

मे महिन्यात गिरधरआबांचा फोन आला. "ताई, सोमवारपाशी मशीन येवाव शे. गाळ काढतीन. तुमनं ते बठ्ठं कनीस बी उपटी टाकतीन. काय न्यावानं व्हई ते लई जा."

सोमवारपासून तलावातला गाळ काढणार, पाणकणीस मुळासकट जाणार. मी शनिवारी सकाळीच गेले.

कोरड्या तळ्यातून चालताना भाजलेल्या मातीच्या खपल्या पायाखाली मोडत होत्या. बेट वाळून पिवळं झालं होतं. बाहेरून पाहिलं तर पाती सरळ उभी, दाट. मी आत शिरले. वाऱ्यानं पाती एकमेकांवर घासत होती आणि तो आवाज झोपेतल्या पुष्कळ माणसांच्या श्वासासारखा होता. वाळलेली पाती अशीच वाजतात, मी मनाला म्हटलं.

आत पाती आडवी झोपलेली जागा दिसली. लांबट, मधे दबलेली, जनावर बसून उठल्यासारखी. तिच्या पलीकडे दुसरी. मग तिसरी.

"आबा," मी हाक मारली, "इथं काय बसतं?"

"डुकरं शेतस, ताई!" काठावरून उत्तर आलं.

डुकरं. बरोबर. उन्हाळ्यात डुकरं अशा गारव्याला येतातच. मी खाली बसून हात लावला. पाती दाबून गुळगुळीत झाली होती. एका टोकाला उथळ गोल खळगा, डोक्याएवढा. डुक्कर उशीवर झोपत नाही.

मी एकेका जागेपाशी उभी राहिले आणि त्या खळग्यांवरून दिशा बघितली. जवळजवळ सगळ्या दक्षिणेकडे वळलेल्या होत्या. आमच्या गल्लीकडे. एक जराशी तिरपी, किल्ल्याकडे. आणि एक अगदी वेगळी, पश्चिमेकडे. धुळ्याकडे.

आमची माणसं तळ्याकडे तोंड करून झोपत होती. आणि इथं कोणीतरी आमच्याकडे तोंड करून.

मी परत फिरणार तेवढ्यात पायाशी आणखी एक जागा दिसली. ती कोणाचीच नव्हती. माझ्या माहितीतल्या एकाही उशीशी ती जुळत नव्हती. तिची दिशा होती पूर्व. आणि ती जेमतेम माझ्या हाताच्या कोपरापर्यंतच्या लांबीची होती.

६

मी तिथूनच आपांना फोन लावला.

"आपा, तुम्ही एखादी छोटी उशी केलीत का? लहान बाळाची?"

"हो की. उरलेल्या कापसाची. आयतला दिली, तिच्या मुलीसाठी. राईची उशी टोचते म्हणे बाळाला."

आयत म्हणजे आपांची लेक. तिचं सासर बोदवडला. बोदवड इथून पूर्वेला.

"आयतला फोन जोडा. आत्ताच्या आत्ता. मलाही त्यात घ्या."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, आपांनी कारण विचारलं नाही. पलीकडून आयतचा हसरा आवाज आला. "सलाम भाभी! उशी झकास आहे हं. अशी शांत पोरगी मी पाहिली नाही. रडतच नाही."

"दूध?"

"पाजावं लागतं उठवून." तिचा आवाज जरा उतरला. "जागी असली की नुसती बघते. माझ्याकडे, मोबाईलकडे, भिंतीकडे. सासू म्हणते फार हुशार होणार. पण भाभी, एक सांगू? मला कधीकधी तिच्यासमोर कपडे बदलायला नको वाटतं. आपल्याच पोरीसमोर."

"आयत, तिच्या डोक्याखालची उशी काढ."

"आत्ता? झोपलीय."

"निकाल बेटा," मधेच आपा म्हणाल्या. "भाभी सांगतात ते कर."

पावलं ऐकू आली. कापडाची सळसळ. माझी नजर त्या लहानशा जागेवर होती.

फोनमधे बाळ रडलं. असं तसं नाही, टाहो फोडला, आत्ताच जन्मल्यासारखा. आयत एकाच वेळी हसत होती आणि घाबरून "अरे अरे" करत होती.

आणि माझ्या पायाशी झोपलेलं एक पातं उठलं. मग दुसरं. अंगावरचं ओझं निघाल्यासारखी ती सगळी पाती एकामागून एक सावकाश सरळ झाली. वारा पडलेला होता. खालचा वाळलेला चिखल उघडा पडला तेव्हा त्यात एका लहान गालाचा ठसा दिसला, कानाच्या पाळीसकट. महिनाभर कोरड्या असलेल्या त्या तळ्यात तो ठसा आतून पाण्यानं भरत गेला आणि मिटला.

७

दुपारपर्यंत मी गल्लीतून सगळ्या उश्या गोळा केल्या. कापसात कीड निघाली, असं सांगितलं. पपांना तीच थाप मारली आणि धुळ्याची उशी बसच्या कंडक्टरबरोबर मागवून घेतली. आयतच्या नवऱ्यानं छोटी उशी स्वतः आणून दिली. राहिली मम्मीजींची. त्या देईनात.

"दुसरं काहीही ने," त्या उशीला मिठी मारून म्हणाल्या, "एवढी नेऊ नकोस."

रविवारी सकाळी त्या आंघोळीला गेल्यावर मी ती उचलली. घरात त्या एकट्याच होत्या. अखिल दुकानात.

तलावावर आपा आधीच येऊन बसल्या होत्या. बेटाच्या कडेला बसून त्या एकेक उशी उसवत होत्या आणि मी कापूस आत नेऊन त्या त्या जागेवर मोकळा करत होते. प्रत्येक वेळी पाती उठत होती. मी मागे वळून बघत नव्हते, नुसतं ऐकत होते.

शेवटची उशी घेऊन मी आमच्या घराच्या दिशेनं वळलेल्या जागेपाशी आले. उसवायची, कापूस सोडायचा, संपलं. पण मी उशी खाली ठेवली. इतके महिने सगळ्यांना विचारत होते, स्वतः एकदाही डोकं टेकलं नव्हतं. उद्या मशीन येणार. पुन्हा कधीच कळणार नाही. एकच क्षण, असं म्हणून मी त्या जागेत आडवी झाले आणि उशीला कान लावला.

तळ्याचं काहीच ऐकू आलं नाही. ऐकू आला आमच्या दिवाणखान्यातला पंखा, त्याची मधली टकटक. स्वयंपाकघरातल्या नळाचं थेंबथेंब गळणं. मग मम्मीजींचा आवाज, अगदी जवळून, प्रेमानं समजावून सांगणारा.

"हा होय? हा अखिलच्या लग्नातला फोटो. ही तू. आणि हे तुझे सासरे."

थोडा वेळ शांतता. जणू कोणीतरी पुढचं विचारत होतं.

"नाही गं, ते गेले. गेले म्हणजे… आता कसं सांगू तुला."

मी कशी उठले ते आठवत नाही. आपांच्या हातातली कात्री ओढून मी ती उशी फाडली. कापूस डोक्यावरून उडाला, डोळ्यांत गेला. माझ्या पाठीमागे पाती उठत असल्याचा आवाज आला. मग मी घरी फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला.

"हॅलो," मम्मीजी म्हणाल्या.

"मम्मीजी, मी चेलना."

"अगं, आतल्या खोलीतून फोन कशाला करतेस?" त्या हसल्या. "थांब, येते." त्यांची पावलं ऐकू आली. दार उघडल्याचा आवाज. "चेलना?" मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "चेलना?"

आतून कोणी ओ दिली नाही.

सोमवारी मशीन आलं आणि पाणकणीस मुळासकट गेलं. आयतची मुलगी आता एवढी रडते की बोदवडची अख्खी गल्ली जागी असते. मम्मीजी पुन्हा कुशी बदलतात, पहाटे नवकार म्हणतात, उश्यांना नावं ठेवतात. त्यांची ती पलंगाची करकर ऐकली की मला बरं वाटतं.

त्या सकाळचं मी विचारलं नव्हतं. पर्युषणात एकदा आम्ही दोघीच बसलो होतो, तेव्हा धीर केला.

"मम्मीजी, उन्हाळ्यात एकदा सकाळी मी तुमच्याजवळ बसले होते. आठवतं?"

"आठवतं तर. घरातली एकेक वस्तू उचलून हे काय, ते काय, विचारत होतीस. लहान मुलासारखी. मला गंमत वाटली. एवढं कोण विचारतं म्हाताऱ्या माणसाला?"

"शेवटी काय विचारलं मी?"

त्यांनी जपमाळ थांबवली आणि आठवून हसल्या.

"शेवटी म्हणालीस, चेलना परत केव्हा येणार. मी म्हटलं, वेडी का काय? ही काय, समोर तर बसली आहेस."